मेण आणि मीठ : महासरोवरांकाठच्या मोटारींच्या हिवाळी रक्षणाचा इतिहास

उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या काठचा प्रदेश, म्हणजे शिकागो, डेट्रॉइट, बफेलो, टोरांटो या शहरांचा टापू, मोटार-उद्योगाचे माहेरघर म्हणून सर्वपरिचित आहे; मात्र मोटारीचा रंग राखणाऱ्या मेणाचा धंदा याच टापूत नावारूपाला आला आणि मोटारीचा पत्रा खाणारे मीठही याच टापूच्या रस्त्यांवर सर्वाधिक पसरले, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. हिवाळा सुरू होण्यापूर्वी गाडीवर आधी सीलंटचा, म्हणजे रंगाला घट्ट धरून राहणाऱ्या कृत्रिम रसायनाचा, लेप द्यावा आणि त्यावर मेण चढवावे, ही आज तेथे रूढ असलेली पद्धत कोणा एकाच्या कल्पनेतून निघालेली नाही. यातला प्रत्येक थर वेगळ्या काळी, वेगळ्या अडचणीवरचा उपाय म्हणून आला, आणि कोणता थर कशासाठी निवडावा याचे उत्तर त्या इतिहासातच सापडते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना रंग देण्याची रीत घोडागाड्यांच्या कारखान्यांतून जशीच्या तशी आली होती. जवसाच्या तेलात राळ शिजवून केलेल्या वार्निशचे हात एकावर एक द्यायचे, प्रत्येक हात वाळल्यावर घासून गुळगुळीत करायचा आणि मग पुढचा हात द्यायचा, असे हे काम असल्यामुळे एकेका गाडीला कित्येक आठवडे लागत. हे वार्निश उन्हापावसात लवकर निस्तेज होई. ही अडचण ओळखून १९१० साली शिकागोत सिमोनाइझ या कंपनीची सुरुवात झाली. आधी एका द्रावणाने वार्निशवरचा मळ आणि मेलेला थर काढायचा व नंतर मेण लावून पृष्ठभाग बंद करायचा, ही तिची दोन टप्प्यांची पद्धत इतकी पसरली की अमेरिकी बोलीत कंपनीच्या नावाचेच क्रियापद झाले. साफसफाई आधी आणि संरक्षण नंतर, हा क्रम तेव्हा जो बसला तो आजतागायत बदललेला नाही.

१९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्यू पाँ कंपनीचे ड्यूको हे रोगण प्रथम वापरले गेले, आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. ड्यूको हे नायट्रोसेल्युलोज रोगण होते, म्हणजे कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ द्रावकात विरघळवून त्यात रंगद्रव्य मिसळलेले असे. ते फवाऱ्याने मारता येई आणि द्रावक उडून जाताच वाळे. परंतु सूर्यप्रकाशाने त्यातील बंधक द्रव्य कुजून रंगद्रव्याची भुकटी मोकळी होई, आणि गाडीवर हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी पूड लागे. रोगणाच्या या दोषामुळे गाडीला पॉलिश करणे ही हौसेची बाब न राहता नियमित देखभालीचा भाग बनली, आणि मेणाची मागणी झपाट्याने वाढली.

हे मेण मुख्यतः कार्नाउबा या ताडकुळातील झाडाचे होते. ईशान्य ब्राझीलमधील सिआरा, पियाउई आणि रिओ ग्रांदे दो नॉर्ते या कोरड्या राज्यांत हे झाड वाढते, आणि दीर्घ अवर्षणात पानांतील ओलावा उडून जाऊ नये म्हणून पंख्यासारख्या पानांवर स्वतःच मेणाचे पातळ आवरण तयार करते. कोरड्या ऋतूत लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या कोयत्याने पाने उतरवली जातात, उन्हात वाळवली जातात आणि मग चिरून व झोडपून त्यांवरची फिकट भुकटी झाडली जाते. ती वितळवून, गाळून आणि थंड करून काचेसारख्या तडकणाऱ्या ढेपा तयार होतात. कोवळ्या, न उलगडलेल्या पानांचे मेण सर्वांत फिकट पिवळे आणि उच्च प्रतीचे समजले जाते. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, तर कार्नाउबाला ८० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणूनच उन्हात तापलेल्या पत्र्यावरही ते टिकते आणि त्याच्या कठीणपणामुळे तकाकी येते. विस्कॉन्सिनमधील रसीन या सरोवरकाठच्या गावी लाद्या व लाकडी जमिनींसाठी मेण बनवणाऱ्या एस. सी. जॉन्सन कंपनीला या कच्च्या मालाचे इतके महत्त्व वाटत होते की तिचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन १९३५ साली सिकोर्स्की एस-३८ या पाण्यावरही उतरू शकणाऱ्या विमानाने झाडांची पाहणी करण्यासाठी ब्राझीलला गेले. या मेणाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी: ज्या श्रमावर हा सारा व्यापार उभा आहे तो आजही कष्टाचा आणि तुटपुंज्या मोबदल्याचा आहे, आणि एकविसाव्या शतकातही ब्राझीलच्या सरकारी कामगार-तपासनिसांनी या पानतोडणीतून गुलामीसदृश स्थितीत राबणाऱ्या मजुरांची सुटका केली आहे.

तोवर मेणाचा शत्रू ऊन आणि पाऊस हा होता. मीठ नंतर आले. मोटारी सर्वत्र होण्यापूर्वी हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून रस्त्यावरचा बर्फ काढण्याऐवजी दाबून ठेवला जाई, आणि पुढे मोटारी घसरू नयेत म्हणून वाळू व कोळशाची राख टाकली जाऊ लागली. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये मिठाचा प्रयोग केला आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात ते सर्रास वापरण्याचे धोरण स्वीकारले. त्या हिवाळ्यात साऱ्या देशभरात मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडले. महायुद्धानंतर महामार्ग वाढले, रस्ता कायम कोरडा आणि काळा दिसला पाहिजे अशी अपेक्षा रूढ झाली, आणि १९७० च्या सुमारास हा वापर वर्षाला जवळजवळ एक कोटी टनांवर गेला. गाड्यांचे शहर असलेल्या डेट्रॉइटच्या पोटातच हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि तेथील मीठ रस्त्यांसाठी जाते. पाण्यात मीठ विरघळले की ते शून्य अंशाच्या खालीही गोठत नाही, म्हणून रस्ता सुरक्षित होतो. परंतु त्याच गुणामुळे पत्र्यावर बसलेले खारे पाणी थंडीतही द्रवरूप राहते, वीज वाहून नेते आणि त्यातील क्लोराइड लोखंडाचे गंजणे वेगाने चालू ठेवते. गरम केलेल्या गॅरेजमध्ये मिठाने माखलेली गाडी न धुता ठेवली तर हा वेग आणखी वाढतो.

मेणाच्या उणिवा याच काळात उघड झाल्या. नैसर्गिक मेण रंगाला केवळ चिकटून असते. क्षारयुक्त साबणाने, कडक धुलाईने आणि रस्त्यावरच्या खाऱ्या चिखलाच्या घर्षणाने ते काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, झिजते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिशमध्ये सिलिकोन आले आणि मेण पसरवणे व पुसणे सोपे झाले, पण सिलिकोन पृष्ठभागावर राहिले की पुन्हा रंग देताना नव्या रंगात बारीक खळगे पडतात, अशी रंगाऱ्यांची तक्रार तेव्हापासून आहे. पुढे अमिनो-सिलिकोनसारखी संयुगे आली, ज्यांचा एक भाग रंगाच्या पृष्ठभागाशी अधिक घट्टपणे जखडतो. अशा कृत्रिम बहुवारिकांवर, म्हणजे लहान रेणूंच्या लांब साखळ्यांवर, आधारलेल्या लेपांना सीलंट हे नाव पडले, आणि चांगली तयारी केलेल्या गाडीवर ते चार ते सहा महिने टिकतात. याच लाटेत टेफ्लॉन मिसळलेल्या लेपांचाही बराच गाजावाजा झाला. परंतु टेफ्लॉनची भुकटी सलग थर होण्यासाठी तिला ३०० अंशांहून अधिक तापवावे लागते, आणि गाडीच्या पत्र्यावर ते शक्य नसल्यामुळे तव्यावरचा गुण त्या लेपात उतरत नाही. मेणाच्या गोटातही टिकाऊपणाचा शोध चालूच होता: न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथील कॉलिनाइट कंपनीचे ‘इन्सुलेटर वॅक्स’ मुळात वीजवाहिन्यांच्या खांबांवरील चिनी मातीच्या विद्युतरोधकांवर ओल आणि काजळी बसू नये म्हणून तयार झाले होते, आणि हिवाळी गाड्यांच्या मालकांनी ते त्या टिकाऊपणासाठीच आपलेसे केले.

१९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. अतिनील किरण शोषणारी द्रव्ये या वरच्या थरातच असल्याने ऊन अडवण्याचे काम बरेचसे कारखान्यातच होऊ लागले, आणि मालकाने लावायच्या लेपाचे मुख्य काम मीठ, क्षार आणि चिखल यांना रंगापासून दूर ठेवणे हे राहिले. या बदलानंतर सीलंट आणि मेण यांच्या जोडीचा क्रम अधिक अर्थपूर्ण ठरला. सीलंटला उघड्या, स्वच्छ रंगाशी थेट संपर्क हवा असतो. म्हणून जुने मेण, तेल आणि लोहकण काढून, विशेष मातीच्या गोळ्याने पृष्ठभाग घासून, तो काचेसारखा गुळगुळीत झाल्यावरच ते लावतात, त्याला बारा ते चोवीस तास मुरू देतात आणि मगच वर कठीण मेणाचा पातळ हात देतात. क्रम उलटा केला तर सीलंटमधील द्रावक खालचे मेण सैल करतात आणि सीलंट रंगापर्यंत पोहोचतच नाही. या रचनेत मेण हा मुद्दाम झिजू दिलेला थर असतो: घासणे आणि डाग तो स्वतःवर घेतो, आणि हिवाळ्यात एखादा उबदार दिवस मिळाला की नव्याने लावता येतो. हे काम दहा अंशांहून अधिक तापमानात, म्हणजे त्या प्रदेशात ऑक्टोबरपर्यंत, उरकावे लागते. पाण्याचे गोल थेंब हा टिकाऊपणाचा भरवशाचा पुरावा नाही, कारण थोड्याशा सिलिकोन तेलानेही थेंब गोल दिसतात आणि ते तेल दोन धुलायांत निघून जाते.

या जोडीची मर्यादाही इतिहासानेच दाखवून दिली आहे. मेण आणि सीलंट रंगाचे रक्षण करतात. गंज मात्र बहुधा दरवाज्यांच्या आतील पोकळीत, सांध्यांत आणि खड्यांनी टवका उडालेल्या जागी सुरू होतो. म्हणून १९५९ साली डेट्रॉइटमध्ये सुरू झालेल्या झीबार्टसारख्या व्यवसायांनी आतल्या पोकळ्यांत मेणयुक्त लेप फवारण्याचा मार्ग धरला, १९६० च्या दशकात गाडीचा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने लेप चढवणे सुरू झाले, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर पोर्शेने ९११ या गाडीच्या सांगाड्यासाठी जस्तलेपित पत्रा घेतला. महासरोवरांकाठी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसह तेथील कोणाही मालकाने गाडीवर उत्तमोत्तम लेप चढवले, पण दर पंधरवड्याला तिचा खालचा भाग धुतला नाही, तर मीठ आपले काम करतच राहते.

एकाच डब्यात सर्व उपाय असल्याचा दावा या शतकभराच्या अनुभवाशी जुळत नाही. ऊन अडवण्यासाठी पारदर्शक थर, क्षार आणि चिखल अडवण्यासाठी सीलंट, झीज सोसण्यासाठी मेण, आतल्या पत्र्यासाठी जस्त आणि पोकळीतील लेप, आणि या सर्वांना टिकवण्यासाठी नियमित धुलाई, अशी कामाची वाटणी हळूहळू ठरत गेली. डब्यावरच्या नावापेक्षा पृष्ठभागाच्या तयारीला आणि थरांच्या क्रमाला अधिक महत्त्व देणे हाच निवडीचा सर्वांत भक्कम निकष ठरतो. आणि त्या डब्यातील कठीण, पिवळे मेण सिआरातील उन्हात कोणी तरी पाने झोडपून मिळवलेले असल्यामुळे, ते कोणत्या परिस्थितीत मिळवले गेले हे विचारणे हाही त्या निवडीचाच भाग असायला हवा.