संपावर जाणारी सिस्टर

रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी बसणाऱ्यांत सिव्हिल हॉस्पिटलचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते : पूर्वीच्या सिस्टर सेवा म्हणून काम करायच्या, आताच्या पगारासाठी करतात, वर संपावर जातात! दाखला म्हणून नाव निघते मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांचे. तोच दाखला तपासू.

27 नोव्हेंबर 1973 रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर केईएममध्येच हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 रोजी त्या गेल्या. मधली सुमारे 42 वर्षे तिथल्या परिचारिकांनी त्यांचे सगळे केले. 2011 मध्ये दयामरणाची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचा गौरव केला. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही पाठीला जखमा नाहीत, ही गोष्ट न्यायालयापुढे आली होती. घरी महिनाभर असा रुग्ण सांभाळलेल्यालाच याचे मोल कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, ओले झाले की लगेच कोरडे करायचे, टाचेवर, माकडहाडावर लाली दिसते का ते रोज पाहायचे आणि पुढच्या पाळीला सांगून मगच निघायचे. नुसत्या कनवाळूपणाने हे होत नाही. त्याला शिक्षण लागते, आणि पाळीवर पुरेशी माणसे.

पूर्वपक्षाला सोयीने विसर पडतो तो पुढच्या गोष्टीचा. त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. पुढे 1980 च्या दशकात महापालिकेने अरुणाताईंना केईएमबाहेर हलवायचे घाटले, तेव्हाही परिचारिकांनीच आंदोलन करून तो बेत हाणून पाडला. त्या संपाने कुणाचा सेवाभाव आटला?

संपात गरिबाचेच हाल होतात, हा आक्षेप मात्र खरा. लांज्या-राजापुराहून आलेल्याला खासगी दवाखाना परवडत नाही. पण संप कशासाठी होतो तेही पाहा. राज्यातल्या 2022 च्या संपात परिचारिकांचा विरोध होता तो बाह्यस्रोतांतून, म्हणजे ठेकेदारामार्फत, होणाऱ्या भरतीला. केईएममध्ये 42 वर्षांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. अरुणाताईंना चालताना-बोलताना कधीच न पाहिलेल्या मुलींनीही त्यांना आपले मानले, कारण जुन्या सिस्टरांनी त्यांना तसे शिकवले. ठेकेदाराची मुदत संपली की निघून जाणारी कुणाला काय शिकवणार?

उर्मट सिस्टर भेटतात, नाही असे नाही. उर्मट डॉक्टरही भेटतात. म्हणून वैद्यकी बुडाली असे कुणी म्हणत नाही.

सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आपले माणूस वॉर्डात असेल त्या रात्री आधी खाटा मोजा, पाळीवरच्या सिस्टर मोजा, आणि मग त्यांच्या निष्ठेबद्दल बोला.