सागरी शैवालाची पर्णफवारणी : एका 'खता'चा इतिहास

मिरचीच्या रोपांवर फवारण्यासाठी सागरी शैवालाचा जो अर्क बाजारात मिळतो, त्याला 'द्रवखत' म्हणण्याचा प्रघात दीर्घकाळ चालत आला आहे. परसात ढोबळ्या मिरचीची दहा-वीस रोपे जोपासणारा हौशी माणूस काय किंवा एकरांनी मिरची लावणारा बागाईतदार काय, दोघेही त्या शब्दावर विसंबून बाटली विकत घेतात. फवारा पानावर पडला म्हणजे रोपाच्या पोटात अन्न गेले, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत निराधार नाही. तिच्यामागे युरोपच्या किनाऱ्यावरील शेतीचा काही शतकांचा अनुभव उभा आहे. परंतु तो अनुभव ज्या पदार्थाचा होता, तो पदार्थ आणि बाटलीतील अर्क हे एक नव्हेत. नाव मात्र एकच राहिले. या नावामुळे विचाराची जी गफलत झाली, ती दूर व्हावयास सुमारे अर्धे शतक लागले.

शैवालाचा खत म्हणून उपयोग रोमन काळाइतका जुना आहे. पहिल्या शतकातील कृषिलेखक कोलुमेला याने कोबीच्या रोपांची पुनर्लावण करताना मुळांशी सागरी शैवाल घालण्याची शिफारस केली आहे. पुढे ब्रिटनी, नॉर्मंडी, जर्सी व गर्न्सी ही बेटे, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा आणि आयर्लंड या प्रदेशांत शैवाल हेच किनाऱ्यावरील शेतीचे मुख्य खत होऊन बसले. आयर्लंडच्या पश्चिमेकडील आरन बेटांवर तर उघड्या चुनखडकावर वाळू व शैवाल यांचे थर टाकून शेतकऱ्यांनी जमीनच तयार केली आणि तीत बटाटा पिकविला.

या खताचे मोल किती होते, हे कायद्यावरून कळते. फ्रान्समध्ये १६८१ साली निघालेल्या सागरी अध्यादेशात शैवालाला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. किनाऱ्यावरील प्रत्येक गावाने जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर एकत्र जमावे आणि आपल्या हद्दीतील शैवालाची कापणी कोणत्या दिवशी सुरू व्हावी व कोणत्या दिवशी संपावी हे ठरवावे, असा त्यात नियम होता. रात्री कापणी करण्यास मनाई होती. कापलेले शैवाल दुसऱ्या हद्दीत नेण्यासही मनाई होती. लाटांनी आपोआप किनाऱ्यावर आणून टाकलेले शैवाल मात्र कोणीही, केव्हाही उचलावे, अशी मोकळीक होती. गवताच्या कुरणासाठी किंवा पाटाच्या पाण्यासाठी गावे जशी भांडतात, तशीच ती शैवालासाठी भांडत असली पाहिजेत. एरवी राजाज्ञेत इतका तपशील आला नसता.

येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, हा सारा व्यवहार गाड्यांचा होता. ओले शैवाल गाड्या भरभरून शेतात पडे, कुजे आणि मातीत मिसळे. त्यातून पिकाला पालाश भरपूर, नत्र बेताचे व स्फुरद थोडे मिळे. शिवाय सेंद्रिय द्रव्याने जमिनीची ओल धरण्याची शक्ती वाढे. शेणखताला जसे 'खत' म्हणावे, तसेच यालाही म्हणणे सर्वथा योग्य होते. अठराव्या शतकात याच शैवालाला दुसरा गिऱ्हाईक मिळाला. ऑर्कनी बेटांवर १७२२ च्या सुमारास शैवाल जाळून त्याची क्षारयुक्त राख काच व साबण यांच्या कारखान्यांना विकण्याचा धंदा सुरू झाला. एक टन राखेला सुमारे वीस टन ओले शैवाल लागे. जमीनदाराला राख हवी आणि कुळाला खत हवे, असा तो झगडा होता. पण त्याचा विस्तार येथे करण्याचे प्रयोजन नाही. धंदा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसला. दरम्यान १८११ साली कुर्त्वा याला याच राखेत आयोडिन सापडले.

गाडीतले शैवाल बाटलीत कसे आले, हा यानंतरचा प्रश्न. शैवालावर प्रक्रिया करण्याच्या पद्धतीचे एकस्व ब्रिटनमध्ये १९१२ सालीच घेतले गेले होते, पण त्यातून व्यापारी माल असा निघाला नाही. खरी सुरुवात दुसऱ्या महायुद्धातील एका टंचाईतून झाली. तागाचा पुरवठा अपुरा पडू लागला, तेव्हा शैवालापासून तंतू काढता येतील काय, याचा शोध ब्रिटनमध्ये सुरू झाला. रेजिनाल्ड मिल्टन हे जीवरसायनज्ञ त्या कामात होते. तंतूंचा प्रश्न युद्धाबरोबर मागे पडला. शैवाल विरघळविण्याची हातोटी मात्र मिल्टन यांना साधली. अल्कधर्मी द्रावणात, दाबाखाली उष्णता देऊन शैवालाचा द्रव करण्याची त्यांची पद्धत १९४९ पर्यंत सिद्ध झाली व १९५२ मध्ये तिला एकस्व मिळाले. डब्ल्यू. ए. स्टीफन्सन यांनी तो द्रव 'मॅक्सिक्रॉप' या नावाने बाजारात आणला. वाहतुकीचा प्रश्न एका फटक्यात सुटला. जे खत किनाऱ्यापासून चार-सहा मैलांपलीकडे नेणे परवडत नसे, ते आता देशाच्या मध्यभागी असलेल्या काचगृहातील टोमॅटोलाही मिळू शकत होते. निदान त्या वेळी तसे वाटले.

याच दशकात पर्णपोषणाची कल्पनाही प्रतिष्ठा पावली. पाने पोषकद्रव्ये शोषतात हे नवे नव्हते. फ्रान्समध्ये युसेब ग्रिस यांनी १८४३-४४ च्या सुमारास पिवळ्या पडलेल्या पानांवर लोहक्षार लावून ती हिरवी करून दाखविली होती. तथापि अमेरिकेतील मिशिगन येथे टकी, विटवर व बुकोव्हॅक यांनी किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या साहाय्याने पानावर ठेवलेला स्फुरद वा पालाश रोपात कसा संचार करतो, हे प्रत्यक्ष मोजून दाखविले, तेव्हा त्या कल्पनेला निराळेच वजन आले. १९५४ साली टकी यांनी अमेरिकी संसदेच्या अणुशक्तिविषयक समितीपुढे या प्रयोगांची साक्षही दिली. पानावर ठेवलेल्या द्रव्याचा फार मोठा हिस्सा रोपाच्या उपयोगी पडतो, जमिनीत घातलेल्याचा त्या मानाने थोडाच पडतो, असा त्या कामाचा आशय होता. हा आशय प्रमाणाविषयीचा होता, परिमाणाविषयीचा नव्हता. चिमूटभर द्रव्यातले जवळजवळ सर्व शोषले गेले, तरी ती चिमूटच. विक्रेत्यांच्या पत्रकांतून हा भेद पार नाहीसा झाला.

साधा हिशेब करून पाहावा. अर्कात नत्र शेकडा १ आहे असे धरू; हे धरणे बहुतेक अर्कांच्या बाबतीत उदारपणाचेच होईल. हेक्टरी २ लिटर अर्क पाण्यात मिसळून फवारला, तर पिकावर सुमारे २० ग्रॅम नत्र पडते. चार फवारण्यांत ८० ग्रॅम. महाराष्ट्रात बागायती मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस केली जाते. म्हणजे चार फवारण्या मिळून पिकाच्या गरजेचा साडेबाराशेवा भाग भरून निघतो, तोही पानावरून काही ओघळले नाही तर. पालाशाचा आकडा बाटलीवर पुष्कळदा मोठा दिसतो. परंतु शैवाल विरघळविण्यासाठी पालाशयुक्त अल्क वापरलेला असला, तर त्या आकड्याचा बराच अंश समुद्रातून आलेला नसून कारखान्यातून आलेला असतो.

हा हिशेब त्या काळच्या जाणकारांना कळत नव्हता असे मानण्याचे कारण नाही. स्कॉटलंडमध्ये १९४४ साली शैवालसंशोधनासाठी संस्था निघाली आणि १९५१ पासून ती इन्व्हरेस्क येथील शैवालसंशोधन संस्था म्हणून ओळखली गेली. तेथील बूथ, अमेरिकेत क्लेमसन येथील सेन आणि स्वतः स्टीफन्सन या सर्वांपुढे एकच कोडे होते. नत्र, स्फुरद व पालाश यांच्या हिशेबात न बसणारा गुण पिकात दिसतो, तो कशामुळे? पहिले उत्तर सूक्ष्मद्रव्यांचे होते. समुद्रात सर्व मूलद्रव्ये आहेत, म्हणून शैवालात आहेत, म्हणून अर्कात आहेत, हा तर्क मोहक होता. स्टीफन्सन यांच्या १९६८ च्या ग्रंथात त्याला मोठे स्थान आहे. लोहाची वा मँगॅनिजाची उणीव असलेल्या जमिनीत तो काही अंशी खराही ठरू शकतो. परंतु जेथे कोणतीच उणीव नाही तेथेही गुण येतो म्हणतात, त्याचे काय?

दुसरे उत्तर वनस्पतिशरीरशास्त्राच्या प्रगतीतून आले. विस्कॉन्सिन येथे मिलर व स्कूग यांनी १९५५ मध्ये पेशीविभाजनास चालना देणारे कायनेटिन वेगळे केले. १९६३ मध्ये लेथम यांनी मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून झीएटिन मिळविले. सायटोकायनिन या संप्रेरकवर्गाची ओळख अशी पटल्यावर तो शैवालाच्या अर्कात शोधला जाणे ओघानेच आले. इंग्लंडमधील पोर्टस्मथ येथे ब्लंडेन व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये अर्कातील सायटोकायनिनसदृश क्रिया नोंदविली. त्यानंतरचा ब्लंडेन व वाइल्डगूस यांचा १९७७ चा बटाट्यावरील प्रयोग या सर्व इतिहासात विशेष महत्त्वाचा मानावा लागेल. त्यांनी पिकाच्या एका भागावर अर्क फवारला आणि दुसऱ्या भागावर नुसते कायनेटिन. अर्क जर अन्न असेल, तर अन्नाचा लवलेश नसलेल्या कायनेटिनाने त्याच्यासारखे काम करण्याचे कारण नव्हते. प्रश्न अशा रीतीने मांडला गेल्याबरोबर 'खत' हा शब्द संकटात सापडला.

ऑस्ट्रेलियातील एका अर्कात १९८५ साली सायटोकायनिने प्रत्यक्ष ओळखली गेली, तेव्हा प्रकरण मिटले असे वाटणे साहजिक होते. ते मिटले नाही. १९९३ मध्ये ब्लंडेन यांच्याच गटाने असे दाखविले की, फवारणीनंतर पानांतील हरितद्रव्य वाढते त्याचे श्रेय बीटेन या वर्गातील संयुगांना द्यावे लागते. २०१३ मध्ये वॉली, प्रितिविराज प्रभृतींनी ॲराबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीवर काम करून आणखी पुढचे विधान केले. अर्कातील संप्रेरकांची मात्रा इतकी अल्प असते की तिने परिणाम घडावा हे संभवत नाही. अर्कातील इतर घटकांमुळे रोप स्वतःच्या संप्रेरकांची घडण बदलते. म्हणजे बाटलीतून रोपाला अन्न मिळत नाही आणि संप्रेरकही फारसे मिळत नाही. मिळते ती एक सूचना. चार दशकांत उत्तर इतके बदलले, आणि प्रत्येक उत्तर त्या त्या काळी जे रसायनशास्त्र नवे होते त्याच्या भाषेत दिले गेले. ही गोष्ट संशोधकांना कमीपणा आणणारी नाही, पण ती नजरेआड करू नये.

मिरचीवरील काम या इतिहासात उशिरा येते. तुर्कस्तानातील एरिस व सिव्रिटेपे यांनी ॲस्कोफिलम नोडोसम या तपकिरी शैवालाच्या अर्काचा मिरचीच्या उत्पन्नावर व प्रतीवर होणारा परिणाम १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. दक्षिण आफ्रिकेतील आर्थर, स्टर्क व फान स्टाडेन यांनी २००३ मध्ये एक्लोनिया मॅक्सिमा या शैवालाचा अर्क मिरचीच्या तीन वाणांवर अजमावला. दोहोंचा कल अर्काला अनुकूल आहे. मात्र या प्रयोगांतील रोपे अन्नासाठी फवाऱ्यावर सोपविलेली नव्हती. अर्क हा नेहमीच्या मशागतीवरचा अधिकचा उपचार होता. बागाईतदारांच्या तोंडी असलेल्या एका दाव्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. फळाच्या टोकाशी पडणारा काळपट, बसका डाग फवाऱ्याने जातो असे सांगितले जाते. तो डाग फळाला कॅल्शियम कमी पडल्याने येतो, आणि कॅल्शियम पानातून फळाकडे जवळजवळ सरकतच नाही; ते मुळांकडून येणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाबरोबर फळात पोहोचते. पाण्याच्या पाळ्या नियमित ठेवल्या तर जे साधते, ते पानावरच्या फवाऱ्याने साधत नाही.

भारतातील घडामोडी निराळ्या वाटेने गेल्या. भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली. तेथे प्रारंभीचा विचार गाडीतल्या खताचाच होता. फ्रान्सेस्का थिवी यांनी शैवालखतावर लिहिले, आणि बोकील, मेहता व दातार यांनी १९७४ मध्ये गव्हावर कुंड्यांतील प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे तमिळनाडूच्या मंडपम किनाऱ्यावर कॅपाफायकस या परदेशी तांबड्या शैवालाची लागवड सुरू झाली, ती कॅराजिनन या घट्ट करणाऱ्या द्रव्यासाठी. ताजे शैवाल पिळून रस वेगळा काढावा व चोथ्यातून कॅराजिनन घ्यावे, ही संस्थेची पद्धत. तिला २००५ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. तोवर वाया जाणारा रस अशा रीतीने पिकावरील फवाऱ्याचा कच्चा माल झाला. कोरडवाहू सोयाबीनवर शेकडा १५ तीव्रतेच्या रसाने दाण्याचे उत्पन्न ५७ टक्क्यांनी वाढल्याचे २००९ मध्ये नोंदले गेले. आकडा मोठा आहे. पण ही तीव्रता बाटलीवर लिहिलेल्या नेहमीच्या प्रमाणाच्या कितीतरी पट आहे, आणि पीक पावसावरचे होते, हे विसरून तो बागायती मिरचीला लावणे धाडसाचे होईल.

शब्दाचा निकाल अखेर प्रयोगशाळेऐवजी कायद्याने लावला. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमाने 'जैव-उत्तेजक' असा वेगळा वर्ग मानला आणि त्याची व्याख्या करताना, पदार्थात पोषकद्रव्ये किती आहेत याच्याशी त्याच्या कार्याचा संबंध नसावा असे स्पष्ट केले. तो नियम जुलै २०२२ पासून पूर्णपणे लागू झाला. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन शैवालाचे अर्क त्याच वर्गात आले. आदेशाचे नाव खतांचेच राहिले. अर्कांसाठी त्याला सहावे परिशिष्ट नव्याने जोडावे लागले.