लेडी व्हिक्टोरिया : डलहौसीच्या शेजारची खाण आणि तिचे रूळ

लॉर्ड डलहौसी म्हटले की आपल्या मंडळींना आधी सातारा आठवतो, मग नागपूर आणि झाशी. दत्तक नामंजूर, राज्य खालसा. त्याच्या नावावरची दुसरी मोठी नोंद रेल्वेची आहे. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली १६ एप्रिल १८५३ला आणि चारच दिवसांनी, २० एप्रिलला, हिंदुस्थानभर लोहमार्ग कसे टाकावेत याचे टिपण त्याने लिहिले. त्याआधी इंग्लंडात रेल्वेचे नुसते वेड पसरले होते, त्या काळात तिथल्या व्यापार खात्याची सूत्रे त्याच्याकडे होती, हे सगळे जण जाणतात. पण त्याचा जन्म कुठे झाला, हे फारसे सांगितले जात नाही. एडिनबरोच्या आग्नेयेला सात-आठ मैलांवर डलहौसीचा किल्ला आहे, तिथे १८१२ साली तो जन्मला. हा सगळा मुलूख कोळशाचा. किल्ल्याच्या जवळच न्यूटनग्रेंज गावात पुढे 'लेडी व्हिक्टोरिया' नावाची खाण निघाली. हा लेख तिच्याविषयी, आणि त्याहून जास्त तिच्या रुळांविषयी आहे.

इथला कोळसा फार जुना. न्यूबॅटलच्या मठातले ख्रिस्ती साधू तेराव्या शतकातच कोळसा काढत होते. पुढे मठाची जमीन कर घराण्याकडे, म्हणजे लोथियनच्या मार्क्विसांकडे आली. खाणकामगारांची स्थिती मात्र वेठबिगारांची. १६०६च्या कायद्याने स्कॉटलंडचा कोळसा-कामगार मालकाला जन्मभर बांधला गेला. ती बेडी १७७५ला सैल झाली आणि १७९९ला पुरती तुटली. पण त्यानंतरही बायका आणि पोरी पाठीवर कोळशाच्या पाट्या घेऊन शिड्या चढत होत्याच. १८४२च्या कायद्याने बायका-मुलींना खाणीच्या पोटात उतरायची बंदी झाली, तेव्हा कुठे हे थांबले.

हा कोळसा जायचा कुठे, तर एडिनबरोच्या चुलींत. त्या शहराचे लाडके नावच 'ऑल्ड रीकी', म्हणजे धुरकटलेले म्हातारे शहर! कोळसा गाड्यांतून, खराब रस्त्याने यायचा आणि महाग पडायचा. म्हणून खाणमालकांनी १८३१ साली एडिनबरो आणि डल्किथ रेल्वे सुरू केली. इंजिन नाही, घोडे. रुळांतले अंतर साडेचार फूट. शहरात शिरताना सेंट लिओनर्ड्सचा बोगदा चढणीचा होता, तिथे घोड्यांचे काही चालेना. वरच्या टोकाला एका जागी बसवलेले वाफेचे इंजिन दोराने वाघिणी ओढून घ्यायचे. या रेल्वेचा एक फाटा डलहौसी मेन्सपर्यंत आला. आपला डलहौसी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

या रेल्वेत माणसांचा विचार आधी कुणी केलाच नव्हता. वर्षभराने प्रवाशांचे डबे जोडले, तर लोक भराभर बसू लागले. घोड्याच्या चालीने जाणाऱ्या या निरुपद्रवी गाडीला 'इनोसंट रेल्वे' हे नाव पडले ते आजतागायत आहे. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी कोळसा, मग माणूस.

१८४५ला नॉर्थ ब्रिटिश रेल्वेने ही कंपनी विकत घेतली, रूळ नेहमीच्या मापाचे केले आणि घोड्यांच्या जागी इंजिने आणली. न्यूबॅटलजवळ साउथ एस्क नदीवर २३ कमानींचा पूल १८४७ला झाला, १८४९ला गाडी हॉविकला आणि १८६२ला थेट इंग्लंडच्या हद्दीत कार्लाइलला पोचली. हाच ९८ मैलांचा 'वेव्हर्ली मार्ग'.

लेडी व्हिक्टोरिया आली ती या मार्गाच्या कडेला. १८९० साली मार्क्विसांच्या खाणी आणि आर्चिबाल्ड हूड यांची व्हाइटहिल खाण एकत्र करून लोथियन कोल कंपनी निघाली आणि लगेच नव्या खाणीची उभी विहीर खणायला घेतली. वीस फूट रुंद, विटांनी बांधलेली, सुमारे पाचशे मीटर खोल. मार्क्विसच्या पत्नीचे नाव खाणीला दिले. पाळणा वर-खाली करणारे वाफेचे इंजिन किल्मारनॉकच्या ग्रँट रिची कारखान्याने १८९४ साली केलेले.

खाणीची मांडणी पाहिली की रेल्वेचे महत्त्व कळते. विहिरीच्या तोंडाशी जमिनीवर काहीच ठेवले नाही. सगळे कामकाज खांब आणि कमानी घालून वरच्या मजल्यावर. डबे तिथे उलटायचे, कोळसा सरकत्या पट्ट्यांवर यायचा, मुली आणि म्हातारे कामगार त्यातले दगड वेचायचे, आणि साफ कोळसा खाली रुळांवर उभ्या वाघिणींत पडायचा. पुन्हा उचलायचे कामच नाही. थोडक्यात, आधी रूळ आणि वर खाण, असेच म्हणायला हवे.

गावही कंपनीचेच. विटांच्या घरांच्या रांगा, आणि गल्ल्यांना नावे काय, तर पहिली, दुसरी, तिसरी, अशी दहापर्यंत! दारूचा गुत्तासुद्धा, 'डीन टॅव्हर्न', असा चालवला की नफा गावाच्या सोयींना जावा. मुंगो मॅके हे व्यवस्थापक १९३९पर्यंत होते. घर कंपनीचे, नोकरी कंपनीची, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे हुकूम. त्यांच्या दराऱ्याच्या गोष्टी जुन्या गावकऱ्यांच्या आठवणींत भरपूर आहेत. १९०८ला गावाला स्वतःचे स्टेशन मिळाले आणि जवळचे 'डलहौसी' नावाचे स्टेशन बंद झाले.

१९४७ला खाणी सरकारी झाल्या. १९५३ला इथे १,७६५ माणसे कामाला होती. रेल्वेचे दिवस मात्र भरत आले होते. १९६३च्या बीचिंग अहवालात वेव्हर्ली मार्ग तोट्याचा ठरला आणि जानेवारी १९६९ला तो बंद झाला. शेवटच्या रात्री न्यूकॅसलटनच्या लोकांनी फाटक लावून गाडी अडवली. तिथल्या पाद्र्याला पोलिसांनी धरले, आणि गाडीत असलेले खासदार डेव्हिड स्टील यांनी मध्यस्थी करून वाट मोकळी करवली. उतारू गेले, पण मिलरहिल ते लेडी व्हिक्टोरिया एवढा तुकडा कोळशासाठी १९७१च्या अखेरपर्यंत जिवंत राहिला. म्हणजे शेवटही सुरुवातीसारखाच, रुळांवर फक्त कोळसा. त्यानंतरची दहा वर्षे खाण रुळांवाचून चालली. १९८१ला तीही मिटली. तोवर जवळपास चार कोटी टन कोळसा तिच्यातून निघाला होता.

तोट्याचा हिशेब करणाऱ्यांनी मार्ग तर मोडला, पण सीमेवरच्या गावांना दुसरी रेल्वे नव्हतीच. त्यांचा आग्रह चार दशके चालला. ६ सप्टेंबर २०१५ला एडिनबरो ते ट्वीडबँक तीस मैलांची बॉर्डर्स रेल्वे सुरू झाली. तीन दिवसांनी राणी एलिझाबेथ वाफेच्या इंजिनाच्या गाडीने आली आणि न्यूटनग्रेंजला उतरून तिने फलकाचे अनावरण केले. तो २३ कमानींचा जुना पूल दुरुस्त करून पुन्हा वापरात घेतला आहे. या वेळी कोळसा नाही, नुसती माणसे.

खाणीच्या आवारात आता स्कॉटलंडचे राष्ट्रीय खाण संग्रहालय आहे, नव्या स्टेशनाला अगदी लागून. ग्रँट रिचीचे ते इंजिन तिथेच आहे. वाफ नाही, पाहुण्यांना दाखवायला ते विजेच्या मोटरीवर फिरवतात. आणि डलहौसी? हिंदुस्थानातून परतल्यावर १८६० साली तो त्याच किल्ल्यात वारला. कबर जवळच कॉकपेनच्या जुन्या चर्चच्या आवारात आहे.