१९७१ची करुणा आणि हेमलकसाची वाट

दरवर्षी १६ डिसेंबर आला की १९७१च्या विजयाची आठवण काढली जाते. तेरा दिवसांत ढाका, ९३ हजार युद्धकैदी, एका नव्या देशाचा जन्म. ही आठवण खोटी नाही. पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी गडचिरोलीच्या जंगलात सापडते.

गडचिरोलीहून हेमलकसाला जायचे तर चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत भामरागडची वाट धरावी लागते. या भागात, चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत, बंगाली बोलणारी गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांना सरकारने येथे, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आणून वसवले. त्यांतील बहुतेक नमशूद्र, म्हणजे बंगालचे अस्पृश्य.

हे लोक आम्हाला परके नाहीत. १९४६ साली काँग्रेसने मुंबई प्रांतातून बाबासाहेबांचा संविधान सभेचा रस्ता अडवला, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या अस्पृश्य आमदारांनी त्यांना बंगालमधून निवडून पाठवले. फाळणीत तोच मुलूख पाकिस्तानात गेला. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले. पण पूर्व बंगालमधील आपल्या लोकांवरचे अत्याचार थांबेनात, म्हणून ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन ते भारतात आले.

त्यानंतर एका वर्षाने बाबासाहेबांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाचे कारण सर्वांना ठाऊक आहे. परराष्ट्र धोरण हेही त्या निवेदनातील एक प्रमुख कारण होते, हे मात्र फार थोडे जण सांगतात. पाकिस्तानशी आपल्या भांडणाचे दोन विषय आहेत, काश्मीर आणि पूर्व बंगालमधील आपले लोक, आणि काश्मीरपेक्षा पूर्व बंगालची चिंता आपण अधिक करायला हवी, अशी त्यांची मांडणी होती. देशाच्या सुमारे ३५० कोटी रुपयांच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, यावरही त्यांनी बोट ठेवले होते. माणसे तिकडे मरत होती आणि सरकारचे डोळे काश्मीरच्या जमिनीवर होते. पुढची वीस वर्षे निर्वासितांचे लोंढे येत राहिले आणि दिल्ली करार व निषेध करत राहिली.

२५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कत्तल सुरू केली. काही महिन्यांत जवळपास एक कोटी माणसे भारतात आली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, डिसेंबरमध्ये सैन्य सीमा ओलांडून गेले. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीची मागणी केली. भारताने सुरुवातीला पूर्व बंगालच्या जनतेची सुटका हा आपला हेतू सांगितला, पण कायदेशीर भिस्त ठेवली ती स्वसंरक्षणावर. दुसऱ्याच्या देशात माणुसकीसाठी सैन्य घालण्याचा हक्क भारताला तेव्हाही उघडपणे मागायचा नव्हता, कारण तो हक्क उद्या आपल्यावरही उलटू शकतो.

आमचे काही मित्र म्हणतात, हे सगळे पाकिस्तानचे तुकडे करण्याचे राजकारण होते. राजकारण होतेच. पण त्या सैन्यामुळे कत्तल थांबली, हेही तितकेच खरे आहे. ज्यांची घरे जळत होती त्यांना हेतूची शुद्धता तपासत बसायला सवड नव्हती. म्हणून १९७१चा हस्तक्षेप योग्य होता, असेच आम्ही म्हणतो. आमचा आक्षेप वेगळा आहे. १९५१ मध्ये हीच माणसे मरत होती तेव्हा राष्ट्राचा फायदा दिसत नव्हता, म्हणून करुणाही जागी झाली नाही. फायदा आणि करुणा एका बाजूला आले, तेव्हाच सैन्य हलले. करुणेचा खरेपणा मग कशावर ओळखायचा? वाचवलेल्या माणसाला पुढे काय मिळाले, यावर.

काय मिळाले ते पाहू. १९७१च्या निर्वासितांना युद्धानंतर परत पाठवण्यात आले. आधी आलेल्यांना दंडकारण्याच्या माळरानावर आणि जंगलात टाकले होते. भातशेती आणि नदीनाल्यांच्या मुलखातली ही माणसे. १९७८ मध्ये त्यांतले हजारो बंगालला परतले आणि सुंदरबनातील मरिचझापी बेटावर राहू लागले. १९७९ मध्ये तिथल्या डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि मे महिन्यात वस्ती उठवली. पाकिस्तानी सैन्याच्या अत्याचारावर बोलणारा देश या गोळीबारावर गप्प राहिला.

जे गडचिरोलीत राहिले त्यांची गोष्ट निराळी. पश्चिम बंगालमध्ये नमशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत ते नाव नाही. सरकारनेच आणून वसवले, आणि सरकारचीच यादी म्हणते की तुम्ही दलित नाही. जातीचा कलंक सीमा ओलांडून आला, जातीचे संरक्षण राज्याच्या हद्दीवर अडले. १९७१ मध्ये संरक्षणमंत्री बाबू जगजीवनराम होते. मंत्रिमंडळात दलित असणे आणि धोरणात दलित असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हेमलकसा? ज्या जंगलाच्या कडेला निर्वासित वसवले, ते जंगल कुणाचे, हे माडियांना कुणी विचारले होते का? परक्या देशात तेरा दिवसांत राजधानीपर्यंत पोचणाऱ्या राज्याला भामरागडपर्यंत धड रस्ता आणि डॉक्टर नेता आला नव्हता. ढाका पडल्यानंतर दोन वर्षांनी, २३ डिसेंबर १९७३ रोजी, हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तो बाबा आमटे यांच्या पुढाकाराने. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या कामाचा आम्हाला आदर आहे. पण नागरिकाचा हक्क एखाद्या कुटुंबाच्या त्यागावर सोडून द्यावा, हे राज्याला शोभणारे नाही.

निर्वासित नमशूद्र आणि माडिया यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा खेळ सोपा आहे, आणि तो खेळला जातो. आमची मागणी त्या उलट आहे. नमशूद्रांना महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दर्जा द्या, आणि माडियांचे वनहक्क आणि ग्रामसभेचा अधिकार अबाधित ठेवा. एकाचे देणे दुसऱ्याच्या जमिनीतून फेडू नका. १६ डिसेंबरला ढाक्याची आठवण जरूर काढा, पण त्याच दिवशी मुलचेरा आणि हेमलकसाचा हिशेबही द्या.