खिशातील चाकू आणि कायदा : देहूरोड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
देहूरोड ही लष्करी आगार, रेल्वेस्थानक आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग यांच्या आधाराने वाढलेली श्रमिकांची वसाहत होय. येथील कटक मंडळाची स्थापना १९५८ मध्ये झाली. फळविक्रेता, वायरमन, हमाल यांच्या खिशात घडीचा चाकू असणे स्वाभाविक आहे. हे साधन 'शस्त्र' केव्हा ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची वाटचाल :
१८७८ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत तलवार, कट्यार, भाला, धनुष्यबाण यांचा नामनिर्देश होता. साध्या चाकूचा नव्हता. एतद्देशीयांना परवान्याची सक्ती आणि युरोपीयांना सूट या भेदामुळे राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध ठराव केले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा अधिनियम आला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू 'शस्त्र' या व्याख्येतून वगळल्या. १९६२ च्या नियमांनी नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या प्रवर्गात घातले. २०१६ च्या नियमांनीही ही मर्यादा कायम ठेवली. म्हणजे खिशात मावणारा चाकू सामान्यतः या मर्यादेच्या आतच राहतो.

परंतु महाराष्ट्रात प्रश्न येथे संपत नाही. १९५१ च्या मुंबई (आता महाराष्ट्र) पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) अन्वये सार्वजनिक शांततेसाठी चाकू, काठी, लाठी बाळगून फिरण्यास मनाई करता येते. तेथे पात्याच्या लांबीची अट नाही. आदेशभंगास कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कैद व दंड आहे. विशेष कारणे नमूद केल्याखेरीज ही कैद चार महिन्यांहून कमी नसते.

देहूरोडचे उदाहरण :
पूर्वी देहूरोड पोलीस ठाणे पुणे ग्रामीण पोलीस दलात असल्याने असा आदेश जिल्हादंडाधिकारी काढीत. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि हा अधिकार आयुक्तांकडे आला. अधिकारी बदलला, तरी खिशात चाकू घेऊन कामावर निघालेल्या श्रमिकाची स्थिती बदलली नाही.

निष्कर्ष :
एकच चाकू काल साधन असतो व आज आदेशामुळे गुन्ह्याची वस्तू ठरतो. शांततेसाठी असा अधिकार आवश्यक आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि, आदेश माहीत नसणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते. म्हणून असे आदेश स्थानक, बाजार व आगाराच्या प्रवेशद्वारी सोप्या मराठीत व हिंदीत लावले जाणे, हे न्यायाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.