उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवंगार का होतं?

कडक उन्हाळ्यात उजनीच्या काठावर कुणी हिरवा रंग ओतलाय असं वाटतं. लोक त्याला शेवाळ म्हणतात. हिरवा थर बहुतेकदा सायनोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंचा असतो.

ऊन तर दरवर्षीच असतं, मग त्यांना खाद्य कुठून मिळतं? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येतं आणि भीमेतून थेट ११७ टीएमसीच्या उजनीत. त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे या जिवाणूंसाठी चक्क खत! त्यात पाणी कमी, संथ आणि कोमट झालं की वाढ झपाट्याने होते. हा थर मेला की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात.

आवर्तन सुटलं की हेच पाणी कालव्यात जातं. तिथे ते वाहतं राहतं, पण शेतात ठिबकचे फिल्टर आणि ड्रिपर तुंबतात.

‘पाणी उकळलं की झालं’ हा समज मात्र धोक्याचा. यातले काही जिवाणू विष तयार करतात. उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट पेशी फुटून पाण्यात उतरतं. त्यामुळे असं हिरवं पाणी गुरांनाही पाजू नका. सोलापूर शहराच्या नळालाही उजनीचंच पाणी येतं, शुद्धीकरण करून.