काकडीचं सँडविच आणि कॅम्पातली टोपली

बेळगावचा किल्ला 1818 च्या एप्रिलमध्ये जनरल मन्रोच्या फौजेने जिंकला. पुढे किल्ल्याजवळ इंग्रजांची छावणी वसली. तिला आजही आपण कॅम्प म्हणतो. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरची उंची आणि लांबलेला पावसाळी गारवा हे गोऱ्या शिपायांना मानवणारं. कॅम्पात बंगले, शाळा, चर्च आले आणि त्यांच्याबरोबर सुट्टीच्या दिवशी टोपली भरून बाहेर पडायची विलायती हौसही आली.

ती टोपली विलायतेत कशी भरत, हे इझाबेला बीटनच्या 1861 च्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात सापडतं. 40 माणसांच्या सहलीसाठी तिने दिलेल्या यादीत थंड भाजलेलं गोमांस, 4 भाजलेल्या कोंबड्या, 2 बदकं, हॅम, कबुतराच्या मांसाच्या 2 पाई, 6 शेवंडी आणि 6 काकड्या आहेत. पुदिन्याच्या सॉसची बाटली विसरू नका, अशी आठवणही आहे.

बेळगावात ही यादी जशीच्या तशी उभी करणं अवघडच होतं. इथे विलायती माल पोचायचा तो डब्यांत बंद होऊन. गलबतं वेंगुर्ल्याला लागत आणि तिथून रामघाट चढून सामान वर येई. आगगाडी आली तीच मुळी 1880 च्या दशकात. डबा उघडेपर्यंत मालाची चव काय उरत असेल, याची कल्पना करावी. तरी विलायतेचं नाव असलेलं तेच खावं, असा साहेबांचा हट्ट असे. मद्रासकडचे कर्नल केनी-हर्बर्ट ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने लिहीत. 1878 च्या आपल्या पाकपुस्तकात त्यांनी या हट्टावर सडकून टीका केली. बाजारात ताजं मिळत असताना डब्यांच्या मागे का लागता, असा त्यांचा सवाल होता. मला तो मनापासून पटतो. सहलीच्या खाण्याला ताजेपणाइतकं दुसरं काही लागत नाही.

पाव गोव्याच्या वाटेने आला. यीस्ट मिळत नसे, म्हणून पोर्तुगिजांच्या काळापासून गोव्यात माडीने पीठ फुगवत. हे कसब पोदेरांच्या, म्हणजे गोव्याच्या पाववाल्यांच्या, हाती राहिलं आणि त्यांच्याबरोबर ते मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पसरलं. गोव्याहून घाट चढला की बेळगाव येतं, त्यामुळे इथल्या पावाची नाळ तिथे जुळावी हे साहजिक आहे.

आणि काकडी! इंग्लंडची म्हणून जगभर मिरवलेली काकडीची चकती मूळची आपल्याकडची. हिमालयाच्या पायथ्याशी उगवणाऱ्या रानटी काकडीपासून ती माणसाळली आणि पश्चिम आशियामार्गे युरोपात गेली. तिथे ती दोन पावांत बसली. पावांत काहीतरी घालून खाण्याला सँडविचच्या उमरावाचं नाव मिळालं, त्याची नोंद 1762 पासून आढळते. काकडीला ज्या मुलखात परकी समजून वाढलं गेलं, तिथेच तिचं कूळ होतं.

बेळगावच्या हवेत हे सँडविच टिकवायचं तर रीत पाळावी लागते. काकडी पातळ चिरून मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवावी, सुटलेलं पाणी निथळून फडक्यावर टिपून घ्यावी. लोणी पावाच्या कडेपर्यंत नीट पसरावं. ही चैन नव्हे, लोणी हे पाणी अडवणारं अस्तर आहे. ते नसेल तर गोकाकच्या धबधब्यापर्यंत पोचता पोचता पावाचा लगदा होतो. घरचं पांढरं लोणी चालतं, मात्र त्यात चिमूटभर मीठ हवं. वरून ओलसर फडकं गुंडाळायचं, म्हणजे कडा वाळत नाहीत. केळीचं पान मिळालं तर त्याहून उत्तम.

सँडविचशेजारी टोपलीत कटलेटही असे, म्हणून बटाट्याचं थोडक्यात सांगतो. तो दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या हातून आला. पुढे बेळगावच्या लाल मातीत असा रुजला की इथला बटाटा आणि कोबी-गाजरं आज घाट उतरून गोव्याच्या बाजारात जातात. बटाट्याला पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलं की कटलेट झालं. शिळ्या पावाचीही सोय लागली.

गोटीसोड्याची बाटली मात्र अस्सल विलायती. हायरम कॉड याने 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आतल्या वायूच्या दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते, बूच लागत नाही. प्रवासात पाण्याची खात्री नसे, म्हणून सहलीला सोडा लागे. विलायतेत ती बाटली मागे पडली, पण आपल्या गाड्यांवर ती टिकली.

बाहेर जाऊन जेवण्याची गोष्ट मात्र साहेबाने शिकवलेली नाही. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडायची, म्हणजे आवळीभोजन, ही आपली जुनी चाल. कॅम्पात दोन चाली शेजारी आल्या, एवढंच. त्या मेळातूनच आपलं सँडविच घडलं, असं मी मानतो: बीटनबाईंची पुदिन्याची बाटली टोपलीतून गेली आणि पुदिना कोथिंबीर-मिरचीसह चटणी होऊन पावाच्या आत शिरला. काकडीच्या खाली उकडलेला बटाटा आला. शेवंडी आणि पाई यादीतच राहिल्या. जांबोटीला किंवा आंबोलीला निघालेल्या बेळगावकराच्या डब्यात आज चटणी-काकडीचं सँडविच सहज सापडतं, आणि त्यातली काकडी आदल्या दिवशी जवळच्याच शेतातून बाजारात आलेली असते.